नाकावर अडतीस किलो

आधी माफी मागते. एखाद्या माणसाबद्दल लिहायचं तर आपण त्याच्यापेक्षा थोडं तरी शहाणं असावं, असं मला वाटतं, आणि ती अट मी पूर्ण करत नाही. आमच्या घरात आजवर झालेलं सगळ्यात लांब लिखाण म्हणजे वडिलांनी विहिरीच्या मोटारीसाठी केलेला अर्ज. तो सव्वा पानाचा होता, आणि त्यातलं पाव पान सह्यांचं होतं. कॉलेजात गेलेली घरातली पहिली मी. त्यामुळे हे लिहितानाही कुणी येऊन "तुला कुणी सांगितलं हे?" असं विचारेल की काय, अशी धास्ती वाटते. पण ज्या काकांबद्दल लिहायचं आहे त्यांच्यापासून मी दोन वर्षं एक गोष्ट लपवली. मागच्या महिन्यात ती सांगून टाकली, तेव्हा काकू म्हणाल्या, "आता लिही काय लिहायचं ते." म्हणून हे धाडस.

काका म्हणजे वारज्यातले माझे घरमालक. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरात एक खोली मला दिली होती. काका एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्यांनी बनवलेला भाग मापात आहे की नाही हे बघायचं आणि नसला तर परत पाठवायचा, एवढंच काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. निवृत्त झाल्यावर परत पाठवायला काही उरलं नाही, तेव्हा ते घरातल्या वस्तूंकडे वळले.

वाशीमहून वडील मला सोडायला आले त्या दिवशी काका खाली उतरले ते बाथरूममध्ये ठेवायचा वजनकाटा काखेत घेऊन. त्यांनी माझी पेटी काट्यावर ठेवली.

"अठरा किलो. आपण किती वर्षांसाठी आलात?"

मला आजवर कुणी 'आपण' म्हटलं नव्हतं. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. तीन वर्षं, मी म्हटलं.

"तीन वर्षांच्या मानाने कमी आहे," काका म्हणाले आणि पेटी स्वतः उचलून वर घेऊन गेले.

वडिलांना माणूस एकदम पसंत पडला. जाताना मला म्हणाले, "मोजमापाचा माणूस दिसते. अशा घरात पोरीचं नुकसान नाही होत."

तो काटा घरभर फिरायचा. रद्दी, कलिंगड, पाहुण्यांच्या बॅगा, सगळं त्यावरून जायचं. माझी कॉलेजची सॅक पावणेसात किलो भरली तेव्हा काका म्हणाले की एवढं ज्ञान पाठीवर राहिलं तर डोक्यात कधी जाणार. जे काट्यावर ठेवता येत नाही तेही ते मोजायचेच. पहिल्या दिवाळीआधी मी स्वयंपाकघरात काकूंजवळ रडत होते. काका दारात थांबले आणि काय झालं म्हणून विचारलं. घरची आठवण येते, मी म्हटलं.

"दहापैकी किती?"

मी विचार करून सात सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या हातात वाशीमच्या गाडीचं तिकीट ठेवलं. पाचच्या वर गेलं की जाऊन यायचं, सहन करत बसायचं नाही, हा त्यांचा नियम होता. कुठल्या पुस्तकातला आहे हे मी विचारलं नाही.

पण काकांना सोसायटीत ओळखत ते डब्यामुळे. खाली पार्किंगमध्ये त्यांनी स्वतः एक लहानशी चाकावरची खोली बांधली होती. लोखंडी सांगाडा, वर प्लायवूड आणि पत्रा, दोन चाकं, आत दोन माणसं झोपतील एवढी जागा. गाडीच्या मागे हुकाला अडकवायची आणि ओढत न्यायची. काका तिला कॅम्पर म्हणत. बाकी सगळे डबा म्हणत. चार वर्षं बांधकाम चाललं होतं आणि डबा अजून गेटबाहेर गेला नव्हता. त्यावर काकांनी पाटी लावली होती: 'हे वाहन आहे, भंगार नाही. चौकशी करणाऱ्यांनी आधी आपल्या गाडीचा पीयूसी दाखवावा.'

डब्यात भांडी धुवायला तांब्याचं घंगाळ बसवायचं ठरलं तेव्हा काका मला घेऊन कसबा पेठेत गेले, काट्यासकट. तिथल्या तांबटाकडून त्यांनी ते मापाने बनवून घेतलं होतं. दुकानातच त्यांनी ते काट्यावर ठेवलं आणि ठरल्यापेक्षा चारशे ग्रॅम जास्त आहे म्हणून सांगितलं. तांबट हातातलं काम न थांबवता म्हणाला, "मग उद्यापासून चारशे ग्रॅम नाश्ता कमी करा." काका रागावले नाहीत. रस्ताभर विचार करत होते. घरी येऊन त्यांनी वहीत घंगाळाचं वजन लिहिलं आणि आठवडाभर खरोखर पोहे खाल्ले नाहीत.

तर ती वही. डब्यात काय काय आहे आणि किती किलोचं आहे, ते सगळं त्या वहीत होतं. गादी, शेगडी, पाण्याची टाकी, पडद्याची दांडी. मागच्या बाकाखाली एक मोठा बंद कप्पा होता. त्याच्यासमोर काकांनी पहिल्याच वर्षी लिहिलं होतं, 'रिकामा'. आणि वहीत एकदा लिहिलं की काका त्या जागेकडे पुन्हा बघत नसत. माझ्या या लेखातली अर्धी भानगड त्या एका शब्दातून झाली.

दुसरी अर्धी भानगड सायकलींची. काकांनी दोन इलेक्ट्रिक सायकली घेतल्या होत्या, एक करडी आणि काकूंची जांभळी. दोघांचेही गुडघे चढाला कुरकुरत. डबा एखाद्या ओळखीच्या शेतात उभा करायचा आणि गाडी जात नाही अशा रस्त्यांवर सायकलींनी हिंडायचं, असा बेत होता. काकू एकसष्टाव्या वर्षी सायकल शिकल्या. शाळेच्या मैदानावर काका मागे पळत होते आणि काकू ओरडून सांगत होत्या की तुम्ही धरू नका, तुम्ही धरलं की ती वाकडी जाते. महिन्याभरात त्या भाजी आणायला सायकलने जाऊ लागल्या. काका रोज बॅटरी काढून वर आणत, ऐंशी टक्के झाली की काढून ठेवत. त्याला ते बॅटरीचं जेवण म्हणत. "पोटभर खायला घालू नये. आयुष्य कमी होतं," असं म्हणताना ते काकूंच्या हातातल्या तुपाच्या वाटीकडे बघत.

एकेक सायकल बॅटरी काढूनसुद्धा बावीस किलो. त्या डब्यावर टांगायच्या कुठे, हा प्रश्न होता. काकांनी आधी डब्याच्या मागे रॅक बसवला. एका सकाळी हायवेच्या कडेच्या सर्व्हिस रोडवर चाचणी घ्यायला आम्ही तिघं निघालो. गाडी थोडी वेगात आली तसा डबा मागे डावी-उजवीकडे डुलायला लागला. आधी हळूहळू, मग चांगलाच. काकू आरशात बघत शांतपणे म्हणाल्या, "अहो, मागचं आपल्यापुढे जायला बघतंय." काकांनी वेग कमी केला, गाडी बाजूला घेतली आणि आम्ही बैलगाडीच्या चालीने परत आलो.

मग त्यांनी मला डब्याचा सिद्धांत समजावला. डब्याचा पुढचा दांडा गाडीच्या हुकावर बसतो, त्याला ते नाक म्हणत. नाकाने हुक चांगला दाबून धरला पाहिजे. चाकांच्या मागे ओझं वाढलं की नाक उचललं जातं आणि डबा डुलतो. नाकावर फार ओझं झालं तर गाडीचा मागचा भागच खाली बसतो. म्हणून नाकावर नेमके अडतीस किलो हवेत. ते मोजायचे कसे, तर नाकाखाली लाकडी ठोकळा आणि ठोकळ्याखाली बाथरूमचा काटा. मी तेव्हा बी.एस्सी. फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला होते. तरफेचा धडा मला पाठ होता. मी मान डोलावली आणि वर अभ्यासाला गेले.

वर जाताना मला आठवायला हवं होतं की डब्याच्या मागच्या कप्प्यात माझं ज्वारीचं पोतं आहे.

ते असं झालं. पहिल्या सुट्टीनंतर वडिलांनी पंचवीस किलो ज्वारी पाठवली. शहरात विकतची ज्वारी खायची म्हणजे त्यांना अपमान वाटत होता. काकूंच्या घरी दोन्ही वेळ पोळ्या होत. खोलीत पोत्याला जागा नव्हती. काकू म्हणाल्या, "डब्यात ठेव. तो कुठे जाणार आहे?" कप्पा उघडला तर तिथे आधीच काकूंचं सामान होतं. लोणच्याच्या दोन बरण्या, गणपतीच्या मखराचे पाट, जुना मिक्सर, पितळी पातेली. सोसायटीत सगळ्यांना वाटायचं की डबा कुठे जाणार नाही. काकूंनी त्यावर कप्पाभर विश्वास ठेवला होता. आणि इकडे वडील दर रविवारी फोनवर विचारायचे, "भाकरी खातेस ना माय? पोळीनं ताकद नाही येत." मी हो म्हणायचे.

काकांनी मग रॅक कापला आणि पुढे नाकावर बसवला. दोन महिने काम चाललं. आकडेमोड करून त्यांनी वहीत लिहिलं की सायकली पुढे टांगल्यावर नाकावर पासष्ट किलो येतील, मग रॅक मागे सरकवत सरकवत ते कमी करावं लागेल. सायकली चढवल्या, काटा लावला. काट्याने अडतीस दाखवले. पहिल्याच फटक्यात, ग्रॅमचाही फरक नाही. काका इतके खूश झाले की सगळ्यांना चहा पाजला. पासष्टवर त्यांनी काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'गणितात चूक. काटा बरोबर.'

मी यावर पुष्कळ विचार केला आहे. नको ते उत्तर आलं की माणूस पुन्हा मोजतो. हवं ते आलं की वही मिटतो. चौतीस वर्षं तपासणी खात्यात काढलेला माणूसही.

त्याच सुमाराला सोसायटीची नोटीस आली. सेक्रेटरी म्हणजे पहिल्या मजल्यावरचे एक निवृत्त प्राध्यापक. ते आणि काका एकमेकांशी फक्त नोटीस बोर्डावरून बोलत. नोटिशीत लिहिलं होतं की पार्किंगची जागा चालत्या वाहनांसाठी आहे. जे वाहन चार वर्षांत एक सकाळ सोडली तर जागचं हललं नाही ते वाहन नव्हे, सामान होय. येत्या रविवारी अकरा वाजता सर्वसाधारण सभा सुरू होण्याआधी सदर वस्तू आपल्या चाकांवर सायकलींसकट गेटबाहेर गेली तर ती वाहन समजली जाईल. नाही तर भंगारवाल्याला बोलावण्याचा ठराव मांडला जाईल.

काकांनी नोटिशीखाली पेनाने लिहिलं, 'वेळ साडेदहा. पाहायला यावे.'

त्या आठवड्यात ते फार कमी बोलले. रोज खाली जाऊन डब्यात बसत. शनिवारी ते टायरमध्ये हवा भरायला गाडी घेऊन गेले तेव्हा काकू मला म्हणाल्या की नेताना तरी डबा रिकामा असावा, यांनी उघडून पाहिलं तर माझी खैर नाही. आम्ही दोघींनी कप्प्यातलं सगळं लिफ्टने वर नेलं आणि समोरच्या बिऱ्हाडात ठेवलं. पोतं मी ओढत नेलं. दोघींनाही वाटलं की आपण मदतच करतोय.

रविवारी साडेदहाला निम्मी सोसायटी खाली होती. करडी आणि जांभळी सायकल नाकावर पट्ट्यांनी बांधलेल्या, बॅटऱ्या जुन्या लुगड्यात गुंडाळून काकूंच्या पायाशी. काकांनी गाडी सुरू केली. गाडीचा मागचा भाग एवढा बसला होता की पुढचे दिवे दुसऱ्या मजल्याकडे बघत होते. गेटच्या स्पीडब्रेकरवर हुक खाली घासला, खर्र आवाज आला आणि सगळं थांबलं.

काका उतरले. ठोकळा, काटा, मोजमाप. पासष्ट.

"पासष्ट किलो," सेक्रेटरी मोठ्याने म्हणाले. "आपल्या वहीत काय आहे?"

काकांनी वही उघडली. काट मारलेल्या आकड्याकडे बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "आज काटा गणिताशी जुळतोय. म्हणजे काटा बिघडला."

कुणीतरी हसलं. काका वळले आणि मोठा पाना आणायला जिना चढून गेले. लिफ्टही घेतली नाही. त्यांची पाठ बघून मला फिजिक्सचा तो अख्खा धडा एका क्षणात आठवला. मी काकूंना सांगितलं की आपणच केलं हे. मागचं काढलं म्हणून पुढचं जड झालं. मी आत्ता वर जाऊन काकांना सांगते.

काकूंनी माझा दंड धरला. "सांगितलंस तर ते सगळा डबा उतरवून पहिल्यापासून मोजतील. तीन दिवस. आणि सभा पंचवीस मिनिटांवर आहे. तुला डबा बाहेर जायला हवाय की खरं बोलायचंय?"

मला दोन्ही हवं होतं. पण मी लिफ्टकडे पळाले.

काका घरात पाना शोधत होते तेवढ्यात वॉचमन, मी आणि काकूंनी सगळं खाली आणलं. बरण्या, पाट, मिक्सर, पातेली, आणि शेवटी वॉचमनच्या खांद्यावर माझं पोतं. निम्मी सोसायटी बघत होती. सेक्रेटरी दारातून बाजूला झाले आणि काकूंना म्हणाले, "वाहन ठरायच्या आधीच माल भरला का?"

काकू म्हणाल्या, "तुम्ही घड्याळाकडे बघा."

आणि खरं सांगते, त्यांनी घड्याळाकडेच बघितलं.

काका आले. वाकून त्यांनी रॅकचा डावा नट दीड आटा पिळला. काटा लावला. अडतीस.

ते सावकाश उभे राहिले. "दीड आटा," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. अकराला सात मिनिटं कमी असताना डबा, दोन सायकली, काकू, लोणचं आणि वाशीमची ज्वारी गेटबाहेर पडली. टाळ्या वाजल्या. सेक्रेटरींनी वाजवल्या नाहीत, पण त्यांनी गेट धरून ठेवलं होतं.

भोरच्या पुढे एका ओळखीच्या शेतात ते चार दिवस राहून आले. मग दर महिन्याला जाऊ लागले. तो नट सोसायटीत प्रसिद्ध झाला. काकांनी त्याला लाल रंग दिला. येणाऱ्याजाणाऱ्याला ते दीड आट्याची गोष्ट सांगत आणि ऐकणारे सगळे, ज्यांनी वॉचमनच्या खांद्यावर पोतं पाहिलं होतं ते सगळे, गंभीर चेहऱ्याने मान डोलावत. पुण्यात कुणी कुणाला सोडत नाही असं मी ऐकून होते. इथे चाळीस बिऱ्हाडांनी एका माणसाला सांभाळून घेतलं.

तिसऱ्या सहलीत काकूंनी तिथेच दळण आणून माझ्या ज्वारीच्या भाकऱ्या केल्या. दोन किलो ज्वारी गेली, नाक किलोभर जड झालं आणि काकांनी नट पाव आटा फिरवला. तेव्हापासून काकू जेवढी ज्वारी काढत तेवढे तांदूळ पोत्यात भरून ठेवत. मलाही भाकरीचा डबा मिळू लागला. वडिलांना हो म्हणताना आता खोटं बोलावं लागत नव्हतं. एका बाजूचं फिटलं. दुसरी बाजू लाल रंगात तशीच राहिली.

पदवी झाल्यावर मी एम.एस्सी.साठी विश्रांतवाडीला मावसबहिणीकडे राहायला गेले. मागच्या महिन्यात तिच्या शेजारच्या इमारतीत पाहिलं तर पार्किंगमध्ये एक नवा डबा. पुढे रॅक, त्यावर दोन इलेक्ट्रिक सायकली, आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ नटाशी झटत होते. वारज्याच्या एका तज्ज्ञाकडून सगळी मापं जशीच्या तशी घेतली आहेत, असं त्यांनी मला सांगितलं. फक्त नाकावर पासष्ट येतात. आतापर्यंत नऊ आटे फिरवले. परवा घाटात घेऊन जाणार आहेत, जाता जाता बसेल सगळं.

मी तशीच बसमध्ये बसले आणि वारज्याला गेले.

काका डब्यात घंगाळापाशी बसले होते. मी दारात उभी राहून सगळं सांगितलं. पोतं, बरण्या, लिफ्ट, वॉचमन. मागे काकू येऊन उभ्या राहिल्या होत्या. काका पुढच्या खिडकीतून लाल नटाकडे बघत होते.

"हे कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना," काकू म्हणाल्या.

"सेक्रेटरींना?"

"त्यांनीच तर गेट धरलं होतं."

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "आपण मला सांगायला हवं होतं." ते मला कधीचे 'अगं' म्हणायला लागले होते. तो 'आपण' मला फार लागला. मी माफी मागितली. ती त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही, कारण ते वही शोधत होते.

"एकूण ओझं किती होतं?"

"ज्वारी पंचवीस," मी म्हटलं.

"माझं तीस धरा," काकू म्हणाल्या. "नाही, मिक्सरचं भांडं मी वरच ठेवलं होतं. अठ्ठावीस."

"धरा म्हणजे? मोजलं नव्हतंत?"

"तुमच्यापासून लपवायचं ते तुमच्याच काट्यावर मोजायचं?"

काकांनी पेन काढलं. कप्पा चाकांपासून किती मागे, नाक किती पुढे, भागिले, गुणिले. ओठ हलत होते. मग त्यांनी दोन वर्षांपूर्वीचं पान उघडलं. काट मारलेला पासष्ट होता. शेजारी 'गणितात चूक' होतं. त्यांनी पेनाने ते दोन शब्द हळूहळू खोडले, इतके की कागद फाटायला आला.

"म्हणजे माझं गणित बरोबर होतं," ते म्हणाले.

त्यांनी लगेच विश्रांतवाडीला फोन लावला. घाटात जाऊ नका, नटाला हात लावू नका, रॅक मागे घ्या, मी उद्या काटा घेऊन येतो. तिकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. काका ताठ बसले. "नट चुकला होता," त्यांनी सांगितलं. "मी नव्हतो चुकलो. मला आत्ताच बातमी मिळाली."

फोन ठेवून ते पुन्हा वहीत डोकावले. कपाळाला आठी पडली. बोटाने त्यांनी तोच हिशोब दुसऱ्यांदा केला, मग तिसऱ्यांदा, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"अगं, अर्धा किलो कमी पडतोय. वडिलांना फोन लाव आणि विचार, ते पंचवीस किलो पोत्यासकट होते की पोतं सोडून."